झेब्रा माशाचे हृदय पुन्हा घडताना : काचपट्टीवरचे छेद कसे वाचावेत

प्रौढ झेब्रा माशाच्या निलयाचा (हृदयाच्या रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचा) सुमारे 20 टक्के भाग टोकाकडून कापून टाकला, तरी दोन महिन्यांत तेथे पुन्हा धडधडणारा स्नायू तयार होतो, हे 2002 मध्ये केनेथ पॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. ज्यांच्या हाती अशा हृदयांचे छेद (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे पातळ काप) पहिल्यांदाच येत आहेत, त्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. शस्त्रक्रिया मात्र संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आणि प्रशिक्षित हात यांशिवाय कधीही करू नये.

काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यापूर्वी इजा कोणत्या प्रकारची होती, हे नोंदवहीत पाहून घ्यावे. कापलेल्या निलयात रक्ताची गुठळी होते, तिची जागा फायब्रिन (रक्त गोठवणारे तंतुमय प्रथिन) घेते आणि व्रण (जखमेचा वण) फारसा राहत नाही. द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड केलेली धातूची सळई टेकवून गोठवलेल्या निलयात मात्र मेलेल्या पेशी जागच्या जागीच राहतात, त्यांच्याभोवती कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा खरा व्रण तयार होतो आणि तो विरायला काही महिने लागतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर माणसाच्या हृदयात जे घडते, त्याच्याशी ही दुसरी इजा अधिक जुळते. म्हणून व्रण कसा विरतो हा तुमचा प्रश्न असेल, तर गोठवलेलीच हृदये निवडावीत.

आता ॲसिड फ्युक्सिन ऑरेंज जी या रंजनाचा (ऊती रंगवण्याच्या पद्धतीचा) छेद पाहावा. निरोगी स्नायू नारिंगी, फायब्रिन लाल आणि कोलॅजेन निळे दिसते. पहिल्या आठवड्यात जखमेत लाल रंग अधिक असतो. पुढे निळा रंग वाढतो, आणि मग कडेने नारिंगी थर आत सरकू लागतो. एकच छेद पाहून निष्कर्ष काढू नये, कारण जखमेच्या कडेवरून गेलेला छेद मोठा व्रणही लहान दाखवतो. संपूर्ण निलयाचे छेद क्रमाने लावून त्यांतले सर्वांत मोठी जखम दाखवणारे तीन मोजावेत.

व्रण कमी झाला म्हणजे नवा स्नायू आला, असे अजून सिद्ध होत नाही, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ द्यायचा तो येथेच. 2010 मध्ये दोन गटांनी हृत्स्नायू पेशींवर कायमची जनुकीय खूण करून दाखवले की नवा स्नायू आधीच्याच स्नायू पेशींच्या विभाजनातून येतो : जखमेलगतच्या पेशी आपली आकुंचनाची तंतुरचना काही प्रमाणात सैल करतात आणि विभाजनाला लागतात. त्यामुळे सुमारे सातव्या दिवसाच्या, म्हणजे हे विभाजन भरात असतानाच्या, छेदांवर मेफ2 आणि पीसीएनए या दोन प्रथिनांचे एकत्र रंजन करावे. मेफ2 केंद्रक स्नायू पेशीचे आहे हे सांगते, तर पीसीएनए ती पेशी विभाजनचक्रात आहे हे सांगते. जखमेच्या कडेपासून ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातली मेफ2 केंद्रके मोजून त्यांपैकी किती टक्क्यांत पीसीएनएही आहे, ते काढावे. याच पट्ट्यात हृदयाच्या बाह्य आवरणाच्या आणि अंतःस्तराच्याही पेशी विभाजित होत असतात. नुसते पीसीएनए मोजले तर त्या स्नायूच्या खात्यात जमा होतात. मोजणाऱ्याला कोणती काचपट्टी कोणत्या गटाची, हे ठाऊक नसावे.

पीसीएनएने डीएनए दुप्पट होत असल्याचे कळते, पेशी प्रत्यक्ष दुभंगली की नाही ते कळत नाही. प्रौढ उंदराच्या अनेक हृत्स्नायू पेशींत दोन केंद्रके असतात, म्हणजे त्यांचे विभाजन अर्ध्यावरच थांबलेले असते. झेब्रा माशात बहुतेक पेशी एककेंद्रकी आणि द्विगुणितच (गुणसूत्रांचे दोनच संच असलेल्या) राहतात. शंका उरली, तर फॉस्फो-हिस्टोन एच3 चे रंजन करून समविभाजनात असलेली केंद्रके शोधावीत.

तुलनेसाठी मेडाका मासा फार उपयोगी पडतो. तोही गोड्या पाण्यातला लहान मासाच आहे, पण त्याचे हृदय इजेनंतर पुन्हा घडत नाही आणि व्रण टिकून राहतो. त्याच्या जखमेत मॅक्रोफेज या मृत पेशी गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी उशिरा पोहोचतात, हे त्यामागचे एक कारण. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही याच विषयावर काम चालते; इजेनंतर सक्रिय होणारे सीसीएन2ए हे जनुक झेब्रा माशात हृदयाच्या पुनर्जननाला चालना देते, असे तेथील संशोधकांनी 2021 मध्ये दाखवले. अशा जनुकाचा परिणाम तपासताना व्रणाचे क्षेत्रफळ आणि विभाजित स्नायू पेशींचे प्रमाण ही दोन्ही मापे एकाच गटातल्या माशांवर घ्यावीत.