पिवळी गोबी पाळायची तर आधी तळ बांधा

मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर दोन फुटी टाकी आहे, आणि तिच्यात बोटाएवढा एक पिवळा मासा. दुकानात त्याला वॉचमन गोबी म्हणतात, आई अजून ‘तुझा कोबी’च म्हणते. निवट्यांच्या भावकीतला, पण हा खाडीच्या चिखलातला नव्हे. पश्चिम पॅसिफिकात प्रवाळाशेजारच्या वाळूत राहणारा. दिवसभर बूड टेकून बसतो. तेव्हा टाकी लावायची ती खालनं वर.

मी उद्यमनगरात लेथवर असतो. पहिली बुद्धी सुचली ती फाउंड्रीची वाळू वापरायची. फुकटची, चाळलेली. अजिबात नको! तिच्यात बेंटोनाइट (साच्याची चिकणमाती), कोळशाची भुकटी, लोखंडाचा कीस, काय वाटेल ते असतं. समुद्री टाकीसाठी मिळणारी अॅरागोनाइट (चुनखडीची) वाळू आणा, अडीच-तीन इंच थर द्या आणि त्यात जरा जाड खडे मिसळा. खडे कशाला, ते पुढं कळेल.

दगड मात्र वाळूच्या आधी, थेट काचेवर बसवायचे. मी उलटं केलं होतं. तिसऱ्या आठवड्यात रात्री धप्पकन आवाज झाला; खालनं वाळू उपसली गेली होती आणि वरचा दगड आडवा पडलेला. काच वाचली ते नशीब. दगड सुके किंवा सिरॅमिकचे घ्या. कुणी खरं प्रवाळ देतो म्हणाला तर हात जोडा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ते संरक्षित आहे.

पाणी आरओचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्याजवळ आलेलं. लिटरला साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ (घरातलं नव्हे), हायड्रोमीटरवर (पाण्याची घनता मोजायची नळी) 1.025. एप्रिलात आमच्याकडं टाकीतलं पाणी रोज उतरतं. उडतं ते पाणी, मीठ मागंच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. तापमान 25 ते 27. लाइट जाते, तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट, ही माशाला विषं, दोन्ही शून्य येईस्तोवर मासा आणू नका. मला सहा आठवडे लागले.

आता वाळू उपसणारा गडी. अल्फियस जातीची, चिमट्यानं टकटक वाजवणारी कोळंबी गोबीसोबत आणा, नाहीतर अर्धी मजा गेली. ती बुलडोझरगत बीळ खणते आणि खडे लावून छत सावरते. तिला नीट दिसत नाही. बाहेर आली की एक मिशी माशाच्या अंगावर ठेवते. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो आणि दोघं आत. पहिले चार दिवस दोघांनी एकमेकांना विचारलं नाही, पाचव्या दिवशी एका बिळात. मध्ये हात घालू नका.

टाकीवर जाळीचं झाकण घट्ट बसवा, गोबी उडी मारतात. खायला गोठवलेली मायसिस (बारीक कोळंबीसारखा जीव), ड्रॉपरनं बिळाच्या तोंडाशी.

एव्हिओटा नावाच्या इवल्या गोबींचाही मोह होईल. पण ग्रेट बॅरियर रीफवरच्या एव्हिओटा सिजिलाटाचं आयुष्य जास्तीत जास्त 59 दिवस. 2005 मध्ये माशाच्या कानातल्या खड्यावर रोज चढणारी वळी मोजून शास्त्रज्ञांनी हे काढलं. म्हणजे गणपती बसल्यापासून भाऊबीजेपर्यंत, आणि त्यातले तीनेक आठवडे पिल्लू म्हणून उघड्या समुद्रात. दुकानात आलेली एव्हिओटा आधीच कितव्या दिवसाची, कुणास ठाऊक! मी घेत नाही.

चारा संध्याकाळी सातच्या आत द्या. दिवा मालवायच्या सुमारास मासा आत जातो, कोळंबी वाळू लोटून दार बुजवते, आणि मग सकाळपर्यंत टाकी रिकामीच दिसते.