आमोस वाचताना आवाज कुठे चढवावा, कुठे उतरवावा

जालन्यात आमच्या मंडळीत मी पहिल्यांदा बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चौथा अध्याय वाचला, तो ओरडून. संदेष्टा म्हणजे रागावलेला माणूस, एवढंच माझ्या डोक्यात. उपासना सुटल्यावर मावशी म्हणाली, "पोरी, ते रागाचं न्हाई, पोटातलं हाय. हळू वाच." तेव्हापासून शास्त्रपाठ मी आधी घरी मोठ्यानं वाचते. तुम्हीही तसंच करा, नुसतं डोळ्यांनी वाचून सूर सापडत नाही.

४:६ ते ११ मध्ये, म्हणजे चौथ्या अध्यायाच्या सहा ते अकरा वचनांत, "तरी तुम्ही माझ्याकडे वळला नाहीत" हे देवाचं वाक्य पाच वेळा येतं. तिथं पेन्सिलीनं खुणा करा. एका गावात पाऊस, शेजारचं कोरडं. दोन-तीन गावांची माणसं पाण्यासाठी एकाच गावाकडे धडपडत निघालीत, तरी तहान भागत नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तो उन्हाळा आठवून वाचा. आमोस स्वतः तकोवा गावचा मेंढपाळ, उंबरांची निगा राखणारा. कोरड काय असते ते त्याला कुणी सांगायला नको. पहिल्यांदा ते वाक्य धमकीसारखं वाटतं. पाचव्यांदा वाचताना मला दारात उभा राहून लेकराची वाट बघणारा बापच दिसतो.

पण त्याच अध्यायात ४:४ ला "बेथेलला या आणि पाप करा" असं आहे. बेथेल म्हणजे इस्राएलाचं उपासनेचं ठिकाण. हा टोमणा. कशावरून? ५:५ मध्ये तोच म्हणतो, बेथेलकडे जाऊ नका. आज्ञा त्याच्याच पुढच्या बोलण्याशी जुळत नसेल, तर सूर तपासा. ४:४ मी जत्रेचं आमंत्रण द्यावं तशा गोड आवाजात वाचते, म्हणजे ते बोचतं.

५:२ हे मात्र मयताचं रडणं आहे. आपल्याकडे बाया हेल काढून रडतात, तसं. मूळ हिब्रू ओळीतही पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड, शेवटी दम तुटल्यासारखा. आणि मेलंय कोण? कुणीच नाही. इस्राएलाचा राजा यराबाम, त्याच्या राज्यात भरभराट होती. खात्यापित्या घरासमोर उभा राहून हा त्याच घराचं मयत रडतोय. इथं घाई करू नका.

सातव्या अध्यायात कोण कुणाशी बोलतंय ते आधी बघा. लोकांना झोडपणारा आमोस देवापुढे टोळ आणि अग्नी बघून दोनदा विनवतो: याकोब (म्हणजे इस्राएल लोक) कसा टिकेल, तो लहान आहे. तिसऱ्या वेळी ओळंबा दिसतो, तिथं तो विनवत नाही. ७:८ नंतर मी दोन श्वास थांबते, मग पुढचं वचन वाचते.