रक्तदाबाची गोळी चालू, तरी आकडा उतरत नाही? या चुका टाळा

उच्च रक्तदाबाचा उपचार फॅमिली डॉक्टरांकडे चालू असलेल्या अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते : "गोळी नियमित चालू आहे, तरी बीपी आटोक्यात येत नाही." मग गोळी बदलून मागितली जाते, नाहीतर थेट हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली जाते. माझ्या आईच्या बाबतीत आम्हीही दोन वर्षे हेच करत होतो. डॉक्टर डोस ठरवतात तो आपण त्यांच्यापुढे ठेवलेल्या माहितीवरून, आणि ती माहितीच अर्धवट असेल तर अनुभवी डॉक्टरांचाही अंदाज चुकतो, हे लक्षात यायला आम्हाला फार उशीर झाला.

पहिली चूक मोजण्यातली. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. आई जिना चढून जायची, नंबर पुकारला की लगबगीने आत शिरायची, पाठीला टेका नसलेल्या स्टुलावर बसायची आणि दंडाला पट्टा गुंडाळला जात असतानाच गुडघेदुखीची हकीकत सांगू लागायची. आकडा यायचा १६४/९६. घरी दुपारी शांतपणे मोजला तर १३४/८२. दोन्ही यंत्रे ठीक होती. फरक बसण्याचा, बोलण्याचा आणि दमलेल्या श्वासाचा होता. मोजण्यापूर्वी किमान पाच मिनिटे गप्प बसावे, पाठ टेकलेली असावी, पावले जमिनीवर सपाट असावीत, पायावर पाय नसावा, दंड उघडा असून हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर टेकवलेला असावा आणि लघवी तुंबलेली नसावी. अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा व्यायाम झालेला नसावा. पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो, त्यामुळे जाड दंडाच्या व्यक्तीने मोठा पट्टा आवर्जून मागावा.

घरासाठी यंत्र घ्यायचे तर मनगटाचे न घेता दंडाचे घ्यावे आणि वर्षातून एकदा दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहावे. डॉक्टरांना भेटण्यापूर्वीचा आठवडा सकाळी गोळी व चहापूर्वी दोनदा आणि रात्री दोनदा, एक-एक मिनिटाच्या अंतराने मोजून सगळे आकडे लिहून न्यावेत. आवडलेले तेवढेच लिहिणे ही फसवणूक होय, आणि ती आईने बराच काळ केली, कारण जास्त आकडा दिसला की डॉक्टर रागावतील असे तिला वाटे. दवाखान्यात १४०/९० आणि घरी सरासरी १३५/८५ ही उच्च रक्तदाबाची सर्वसाधारण मर्यादा मानतात. तुमचे उद्दिष्ट वय, मधुमेह, मूत्रपिंडाची स्थिती पाहून डॉक्टर ठरवतील. काहींचा रक्तदाब फक्त दवाखान्यातच वाढतो, तर काहींचा दवाखान्यात उत्तम आणि घरी चढलेला असतो. हा दुसरा प्रकार अधिक घातक, आणि तो घरच्या नोंदीशिवाय सहसा पकडला जात नाही. "बीपी वाढले की मला कळते, डोके जड होते" या समजुतीवर तर मुळीच विसंबू नये, कारण वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही.

चुकलेली गोळी लपवणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, असे माझे ठाम मत आहे. एकादशीला काही खायचे नाही म्हणून गोळी नाही, गावाला जाताना पाकीट घरी राहिले म्हणून चार दिवस गोळी नाही, आकडा १२० आला म्हणून "आता बरे झाले" असे समजून गोळी नाही. डॉक्टरांनी विचारले की उत्तर मात्र ठरलेले : "रोज घेते." डॉक्टर मग साहजिकच डोस वाढवतात किंवा दुसरी गोळी जोडतात. पुढे घरातले कोणी लक्ष घालून सगळ्या गोळ्या वेळेवर देऊ लागले की रक्तदाब एकदम उतरतो, पहाटे अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि म्हातारे माणूस न्हाणीघरात पडते. उठल्यावर चक्कर येत असेल तर बसून आणि उभे राहून, असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून घ्यावा.

आकडा चांगला येतो तो गोळीमुळे, हे पक्के ध्यानात ठेवावे. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, क्लोनिडिन यांसारखी औषधे अचानक सोडली तर रक्तदाब उसळी घेऊ शकतो. उपाशीपोटी रक्त तपासायच्या दिवशीही रक्तदाबाची गोळी सहसा घोटभर पाण्याबरोबर घेता येते. मधुमेहाच्या गोळीचा नियम वेगळा, तो आधीच विचारून ठेवावा. याउलट जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले असेल, तर लघवी वाढवणारी गोळी किंवा टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी त्या दोन दिवसांत घ्यावी की नाही, हे डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारावे. नवी गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशीच "काही फरक नाही" म्हणून ती बदलून मागू नये. पूर्ण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागू शकतात.

डब्यातली बाकीची औषधे

एकदा डॉक्टर आईला म्हणाले, "पुढच्या वेळी घरात असतील तेवढी सगळी औषधे पिशवीत घालून आणा, मावशी." टेबलावर पिशवी रिकामी केली तेव्हा तीत गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकची तीन पाकिटे निघाली. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवतात, आणि टेल्मिसार्टन व लघवीच्या गोळीबरोबर घेतली तर मूत्रपिंडाला इजा करू शकतात. त्याच पिशवीत टेल्मिसार्टन दोन वेगवेगळ्या नावांनी होते : एक डॉक्टरांनी दिलेले, दुसरे रुग्णालयातून घरी सोडताना लिहून मिळालेले. पाकिटावरचे मोठ्या अक्षरांतले नाव कंपनीचे असते. खाली बारीक अक्षरांत असते ते औषधाचे नाव, आणि जुळवून पाहायचे ते हेच. सर्दीच्या गोळ्या, स्टेरॉइड, संततिनियमनाच्या गोळ्या, खोकल्यासाठी सतत चघळलेले ज्येष्ठमध, हे सगळे रक्तदाब वाढवू शकते. "ते आयुर्वेदिक आहे, त्याचे काय सांगायचे" असे म्हणून काहीही वगळू नये.

गोळीचा त्रास झाला तर ती गुपचूप सोडू नये, त्रास सांगावा. रामिप्रिल किंवा एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला येतो, अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते. दोन्हींना पर्याय आहेत. दिवस राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने तर ते आधीच सांगायला हवे, कारण टेल्मिसार्टन व रामिप्रिल गरोदरपणात चालत नाहीत. क्रिएटिनिन, पोटॅशियम, सोडियम आणि लघवीतील प्रथिने यांच्या तपासण्या डॉक्टरांनी सांगितल्या की टाळू नयेत.

मिठाबद्दल थोडेसे. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, अशी आहे, आणि तीत लोणचे, फरसाण, पाव, चटणी सगळे आले. पापडातल्या पापडखारातही सोडियम असते. सैंधव हेही मुख्यतः तेच मीठ आहे, म्हणून उपवासाला ते सढळ हाताने घालू नये. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

एखाद्या रात्री आकडा १८० च्या वर गेला तर

घाबरून दर दोन मिनिटांनी मोजणे आणि हाताला लागेल ती जादा गोळी देणे, या दोन चुका येथे हमखास होतात. पूर्वी निफेडिपिनची कॅप्सूल जिभेखाली फोडून देत असत. रक्तदाब एकदम कोसळून मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा घटतो, म्हणून ती पद्धत आता सोडून दिलेली आहे. इतर कोणताही त्रास नसेल तर शांत बसवावे, थोड्या वेळाने पुन्हा मोजावे, आजची गोळी राहिली का ते पाहावे आणि डॉक्टरांना फोन करावा. मात्र छातीत दुखणे, धाप, बोबडी वळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, नजर अंधुक होणे किंवा गोंधळल्यासारखे वागणे यांपैकी काहीही दिसले, तर फॅमिली डॉक्टरांची वाट न पाहता १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे. निघताना फाइल, चालू गोळ्यांची पाकिटे आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली याची नोंद बरोबर घ्यावी. तिथल्या डॉक्टरांनी या रुग्णाला पूर्वी कधी पाहिलेले नसते.