फुलझाडे आणि भाजीपाला एकत्र लावताना : परसबागेच्या आखणीतील या चुका टाळा

दर्शनी बाजूस फुलझाडे आणि घरामागे भाजीपाला अशी वाटणी करून टाकणे, ही परसबागेच्या आखणीतील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. वांगी, टोमॅटो आणि मिरची यांना दिवसातून किमान सहा तास थेट ऊन लागते आणि ते जर पुढच्या अंगणातच मिळत असेल, तर या भाज्यांची जागा तिथेच आहे. जांभळ्या फुलांचे वांगे, लाल माठ किंवा तांबड्या वेलीचा मायाळू झेंडूशेजारी लावल्याने अंगणाची शोभा मुळीच उणावत नाही. मागच्या अर्धवट सावलीत हळद, आले आणि अळू चांगले वाढतात.

उन्हाचा अंदाज उन्हाळ्यात घेतला, तर तो हमखास चुकतो. पुण्यात मे महिन्याच्या मध्यास भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे सावली पायाशीच राहते. डिसेंबरमध्ये मात्र तो दक्षिणेकडे इतका कलतो, की सहा फूट उंच मांडवाची सावली भर दुपारीसुद्धा उत्तरेकडे सुमारे साडेपाच फूट पसरते आणि मेथी, कोबी, टोमॅटो यांचे वाफे नेमके त्यांच्या हंगामात अंधारात जातात. म्हणून मांडव, शेवगा आणि कढीपत्ता उत्तरेच्या कडेला असावेत व बुटकी रोपे दक्षिणेला. मांडव आधीच दक्षिणेला उभा असेल, तर तो पाडण्याची गरज नाही. त्यावर जूनमध्ये दोडका किंवा पडवळ लावावा आणि दिवाळीच्या सुमारास वेल काढून मांडव मोकळा करावा. नवी आखणी करणाऱ्यांनी डिसेंबरात एकदा सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावलीच्या कडेने फक्कीच्या रेघा ओढून पाहाव्यात. माझ्या मते कागदावरच्या कोणत्याही नकाशापेक्षा या रेघा अधिक उपयोगी आहेत.

वाफा चार फुटांपेक्षा रुंद करू नये, आणि भिंतीलगत असल्यास दोन फूट पुरे. अन्यथा तोडणीसाठी वाफ्यात पाय द्यावा लागतो व माती दबते.

बोगनवेल नुसतीच पानांनी भरत असेल आणि फुलत नसेल, तर ती पुरेशा उन्हात आहे ना हे पाहून शेजारच्या पालकाकडे लक्ष द्यावे. पालकाला वारंवार दिलेले पाणी तिच्या मुळांशी पोहोचते, आणि बोगनवेलीला तर बहरासाठी पाण्याचा ताण हवा असतो. शोभेचे झाड आणि भाजी यांची जोडी पाण्याच्या गरजेवरून ठरवावी, रंगावरून नव्हे.

जास्वंदीलगत भेंडी लावणेही टाळावे. दोन्ही एकाच कुळातील असल्याने जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण भेंडीवर सहज येतो, आणि मुंग्या त्याच्या प्रसाराला हातभार लावतात. कीड दिसताच ग्रासलेले शेंडे कापून नष्ट करावेत आणि उन्हे उतरल्यावर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून फवारावे.

प्रवेशद्वाराच्या कमानीवर चढवलेल्या दुधीची बोटाएवढी फळे पिवळी पडून गळत असतील, तर खत वाढवण्यापूर्वी परागीभवन तपासावे. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. त्या वेळी नर फूल खुडून त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. पाकळ्यांखाली इवलासा दुधी दिसतो, ते मादी फूल.