जुन्या काळचे कपडे शिवायचेत? मग सुरुवात आतून करा

जुन्या काळचे कपडे शिवायचे म्हटलं की बहुतेक जण थेट घेरदार गाऊन किंवा जरीकामाचा कोट निवडतात, फोटो सेव्ह करतात, चकचकीत कापड आणतात आणि अर्ध्यात सगळं कपाटात जातं. मला वाटतं या छंदात शिरायचं खरं दार कापडात आहे. आज कापड स्वस्त आणि शिलाई महाग, तेव्हा बरोबर उलटं होतं, सूत हाताने कातायचं, हातमागावर विणायचं, त्यामुळे कापड भयंकर महाग आणि त्या मानाने शिवणारे हात स्वस्त. एवढं एक डोक्यात ठेवून जुना कपडा बघा, मग तो तसा का कापलाय, नको तिथे जोड का आहे, आत शिवणीपलीकडे एवढं जादा कापड, म्हणजे माया, का सोडलीय हे आपोआप कळायला लागतं.

ह्वान दे आल्सेगा या स्पॅनिश शिंप्याने 1580 मध्ये कपडे बेतायचे नकाशे छापले, ते बघितले की थक्क व्हायला होतं, कारण सगळी डोकेबाजी दिलेल्या पन्ह्यात तुकडे कसे बसवायचे यावर खर्च केलीय. ग्रीनलंडमध्ये हेर्योल्फ्सनेस इथल्या जुन्या कबरस्तानात 1921 मध्ये मध्ययुगीन कपडे सापडले, आता ते कोपनहेगनच्या नॅशनल म्युझियममध्ये आहेत. त्या झग्यांना खाली घेर आहे तो कळ्या घालून आणलाय, म्हणजे वर अंगालगत अरुंद आणि खाली त्रिकोणी तुकडे जोडून रुंद. त्यामुळे आपल्या शिवणात कुठे कापड कमी पडलं तर लाजायचं कारण नाही, न दिसणाऱ्या जागी जोड द्या, जुन्या कपड्यांतही असे जोड भरपूर सापडतात.

काळ निवडताना मात्र कंजूषपणा करा. "व्हिक्टोरियन" हा काळ नाही, ती 60 पेक्षा जास्त वर्षं आहेत आणि त्यात बाह्या, कंबर, घेर सगळं कितीदा तरी बदललं. दहा वर्षांचा तुकडा घ्या, एक प्रदेश घ्या आणि माणूस कोण तेही ठरवा, कष्टकरी बाई की श्रीमंत व्यापारी. मग बघायला बसा. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम यांचे कलेक्शन ऑनलाइन आहेत, मेट्रोपॉलिटनने तर 2017 पासून कॉपीराइट नसलेल्या वस्तूंचे फोटो कुणालाही मोकळे वापरायला दिलेत. चित्रंही बघा पण जपून, पोर्ट्रेटमधला चित्रकार सुरकुत्या पुसतो आणि कधी कधी रोज न घातलेला काल्पनिक पोशाखही चढवतो. चित्रावरून कपडा अंगावर कसा बसायचा ते कळतं, शिवण कळते ती खऱ्या कपड्यावरून.

म्युझियममध्ये प्रत्यक्ष गेलात तर समोरची नक्षी लगेच सोडून द्या आणि बाजूला जा, काखेत बघा, शिवण उसवून परत घातल्याच्या खुणा दिसतात का ते बघा. महाग रेशीम होतं म्हणून तोच गाऊन वीस-तीस वर्षांनी नव्या फॅशनप्रमाणे परत बेतायचे, जुन्या टाक्यांची भोकं राहिलेली असतात. रंगावर विश्वास ठेवू नका. 1856 मध्ये विल्यम पर्किनला कृत्रिम जांभळा रंग सापडला, त्याआधी बहुतेक रंग मंजिष्ठा, नीळ अशा नैसर्गिक गोष्टींचे, आणि हिरवा बहुधा पिवळ्यावर निळा चढवून मिळायचा, त्यातला पिवळा उन्हाने उडतो म्हणून भिंतीवर टांगायच्या जुन्या विणीव चित्रपडद्यांत (टॅपेस्ट्रीत) झाडं निळी दिसतात! शिवणीच्या आत दुमडलेला भाग कुठे डोकावत असेल तर खरा रंग तिथे सापडेल.

आता शिवायचं काय? माझा आग्रह आहे की पहिला कपडा अगदी आतला घ्या, 18 व्या शतकातली बायका अंगालगत घालायच्या ती लिननची शिफ्ट. कुणाला दिसत नाही म्हणून कंटाळवाणं वाटेल पण जुन्या शिवणकामाचं सगळं व्याकरण त्यात आहे, चौकोन, आयत आणि त्रिकोण, एकही वळणदार तुकडा नाही, फक्त गळा गोल.

लिनन घ्या, पातळ पण घट्ट विणीचं. दुकानात लिनन म्हणून काहीही देतात तेव्हा एक धागा काढून, चिमट्यात धरून, सिंकवर जाळून बघा (पाणी जवळ ठेवा): लिनन आणि कॉटन कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते, लोकर आणि रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. पॉलिएस्टर परत करा, उकडतं आणि लिननसारखं पडत नाही. बेतायच्या आधी कापड गरम पाण्यात धुवून घ्या, लिनन आटतं, शिवल्यावर आटलं की सगळं मुसळ केरात.

मापं सोपी. पुढचा आणि मागचा भाग एकच लांब आयत, खांद्यावर दुमडलेला, म्हणजे खांद्याला शिवणच नाही. लांबी खांद्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत, दुप्पट. छातीला सैल आणि चालायला घेर हवा, म्हणून काखेकडून खाली जाणारा निमुळता तिरका तुकडा वरून कापायचा आणि तोच उलटा करून खाली घेराला जोडायचा, वर अरुंद झालं, खाली रुंद झालं आणि कापड जवळपास वाया गेलंच नाही. बाह्या दोन आयत, कोपरापर्यंत, दंडाच्या घेरापेक्षा दहाएक सेंटीमीटर जास्त.

आणि काखेत चौकोनी तुकडा, साधारण 12 सेंटीमीटरचा. जुन्या कपड्याची सगळी गंमत या चौकोनात आहे असं मला मनापासून वाटतं. तो तिरका बसतो, म्हणजे एक कोपरा बाहीच्या शिवणीत, समोरचा कोपरा अंगाच्या बाजूच्या शिवणीत, त्यामुळे हात वर केला की ताण उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या बाजूवर येतो आणि कापड तिथे थोडं सुटतं, फाटत नाही. आधी तो बाहीला जोडा, मग बाही अंगाला. कोपऱ्यावर येताना एक टाका आधीच थांबा, सुई कापडात ठेवा, कापड फिरवा, तिथे दोन-तीन उलट्या टिपा घालून मग पुढे चला. कोपऱ्यावर चुणी पडली तर तेवढंच उसवा, ओढून सरळ करायला जाऊ नका.

हाताने शिवायचं की मशीनवर, यावरून लोक उगाच भांडतात. सिंगरचं मशीन 1851 चं, त्यानंतरच्या काळाचे कपडे मशीनवर शिवायला काहीच हरकत नाही, आधीचे असतील तर आतल्या लांब शिवणी मशीनवर आणि दिसणारे टाके हाताने हा चांगला तोडगा आहे. पण शिफ्ट पूर्ण हाताने शिवाच. लिननचा किंवा चांगला सुती धागा मधमाशीच्या मेणावरून ओढून घ्या, गुंता होत नाही आणि टाका पक्का बसतो, हातभर लांबीच घ्या. सेंटीमीटरला तीन-चार टाके धावदोरा, मधूनमधून एक उलटी टीप, मग एका बाजूची माया अर्धी कापायची, दुसरी तिच्यावरून दुमडून हेमिंग करून टाकायची. आतून बाहेरून दोन्हीकडे स्वच्छ, धागा सुटायला जागाच नाही, आणि हा कपडा उकळत्या पाण्यात धुवायचे तेव्हा टिकायलाच हवा होता.

शिफ्टनंतर कॉर्सेट, म्हणजे धड घट्ट धरून ठेवणारा कडक पट्ट्यांचा कपडा, मग परकर, मग गाऊन, या क्रमाने. वरचा कपडा आतल्या कपड्यांवर मापून बेततात, नुसत्या अंगावर माप घेऊन गाऊन शिवला तर तो कॉर्सेटवर कधीच बसत नाही. कॉर्सेट आणि गाऊनच्या वरच्या भागाचा आधी मांजरपाटात नमुना शिवा, आतले सगळे कपडे घालून तो चढवा, कुणाला तरी पेन्सिलने खुणा करायला सांगा, हात वर करा, खाली बसा, खोल श्वास घ्या. कॉर्सेटमध्ये पूर्वी व्हेलच्या तोंडातली लवचिक पट्टी घालत, आता त्यासाठी प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात, वेताच्या बारीक काड्या किंवा रुंद केबल टायसुद्धा चालतात. आणि मापात शिवलेल्या कॉर्सेटमध्ये गुदमरायला होत नाही, उलट जड परकरांचं वजन तोच उचलतो, गुदमरायला होत असेल तर माप चुकलंय.

बटणं, हुक यांचा काळ तपासून घ्या. आजच्यासारखी चेन म्हणजे झिपर 1910 च्या दशकात आली, त्याआधीच्या कपड्यांत नाड्या, टाचण्या, हुक आणि काजं.

शेवटी एक कळकळीची विनंती, खरा जुना कपडा हातात आला तर तो घालू नका, एकदासुद्धा नाही. 19 व्या शतकाच्या शेवटी रेशीम जड वाटावं म्हणून त्यात धातूचे क्षार मुरवायचे, ते रेशीम आता नुसत्या घडीवर चिरतं. हात धुवून, अंगठ्या काढून, स्वच्छ चादरीवर पसरा, आतली बाजू उलटून फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून, मापं लिहून घ्या आणि आम्लविरहित टिश्यू पेपरात गुंडाळून अंधारात आडवा ठेवा, हँगरवर नाही, खांदे फाटतात. घालायचाच असेल तर त्या मापांवरून दुसरा शिवा.