ग्रीनहाऊसमध्ये पायाखाली काय घालायचं?

माझं ग्रीनहाऊस तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद. एवढ्याशा जागेची जमीन मी तीनदा बदलली आहे. पहिल्यांदा बाथरूमच्या कामातून उरलेल्या गुळगुळीत टाइल्स बसवल्या. दिसायला झकास! आठव्या दिवशी भरलेली झारी घेऊन आत पाऊल टाकलं आणि झारी एकीकडे, मी एकीकडे. कोपर महिनाभर दुखत होतं. आत दिवसभर ओल असते, हे टाइल्स निवडताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेव्हा रंग आणि डिझाइन नंतर बघा. आधी सांडलेलं पाणी कुठे जाणार, ते बघा. त्यासाठी फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा खणा. पाण्याने भरा, जिरू द्या आणि लगेच पुन्हा भरा. पहिलं पाणी कोरडी माती घटाघटा पिते, त्यावर भरवसा ठेवू नका; दुसऱ्या वेळचं मोजा. तासाला इंचभर किंवा त्याहून जास्त पाणी उतरत असेल तर वर खडी पुरे. खड्डा दुसऱ्या दिवशीही अर्धा भरलेला दिसला, तर खाली चर काढून पाणी बाहेर न्यावं लागेल, नाहीतर उताराचा पक्का कोबा. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा चार-पाच इंच उंच ठेवा. सहा चौरस मीटरच्या छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तरी 60 लिटर पाणी पायाशी उतरतं, आणि जमीन खोलगट असेल तर ते आत येतं.

दुसरा प्रश्न झाडांचा. थेट जमिनीत लावणार असाल तर वाफे मोकळेच ठेवा, फरसबंदी फक्त पायवाटेला करा. सगळं कुंड्यांत आणि ट्रेमध्ये असेल तर पूर्ण जमीन झाका. उघड्या मातीवर झारीचं पाणी पडलं की शिंतोडे उडतात आणि मातीतली बुरशी खालच्या पानांवर जाते. रोपं मरायची तेव्हा मी बियाण्याला दोष द्यायचो.

टाइल्स उखडल्यावर मी खडी आणली. तीही पहिल्यांदा चुकलीच. तण येऊ नये म्हणून खाली साधा प्लॅस्टिकचा कागद अंथरला. दोन महिन्यांनी आत शिरलं की कुबट वास यायला लागला. कोपऱ्यातली खडी हाताने बाजूला केली, तर खाली काळपट, बुळबुळीत पाणी साचलेलं, आणि त्यातून चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्या भुर्रकन तोंडावर आल्या. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात आणि रोपांची कोवळी मुळं खातात. सगळी खडी उपसली, कागद फेकला, विणलेलं वीड मॅट घातलं. त्यातून पाणी खाली झिरपतं आणि तण वर येत नाही. दोन पट्ट्या जोडताना निदान 15 सेंटिमीटर एकावर एक घ्या, नाहीतर लव्हाळा नेमका त्या फटीतून डोकं वर काढतो.

खडी घ्यायची ती कोनदार, साधारण 10 ते 20 मिलिमीटरची. नदीतले गोल गोटे छान दिसतात, पण पायाखाली सरकतात आणि त्यांत ढकलगाडीचं चाक रुततं. कोनदार खडी एकमेकींत अडकून बसते. कच आणि भुकटी असलेली घेऊ नका. ती फटी बुजवते आणि पाणी वर तुंबतं. थर 7-8 सेंटिमीटरचा. माझ्या जागेला जवळजवळ अर्धा घनमीटर, म्हणजे पाऊण टनाच्या आसपास खडी लागली. घमेल्याने चाळीसेक खेपा झाल्या. एका दिवसात उरकू म्हणणाऱ्याने आधी कंबर बघावी. कडेला विटा उभ्या गाडा, नाहीतर खडी हळूहळू दाराबाहेर चालू लागते. खडीची एक कटकट मात्र कायमची: गळलेली पानं आत अडकतात, झाडू चालत नाही. मी दर पंधरवड्याला हातानेच वेचतो.

कोबा कुणी करावा? ज्यांना चाकांचं स्टँड किंवा व्हीलचेअर आत फिरवायची आहे, किंवा सगळं पाण्याने धुऊन काढायची सवय आहे, त्यांनी. मीटरला एक-दीड सेंटिमीटर उतार द्या आणि तो एकाच बाजूला, जाळी लावलेल्या निचऱ्याकडे. काँक्रीट ओलं असताना पाणसळ लावून तपासा; वाळल्यावर गोटी सोडून उतार शोधणं म्हणजे वरातीमागून घोडं. वरून घोटून गुळगुळीत करू नका, झाडूने आडव्या रेघा ओढा. मग किमान सात दिवस पाणी मारा. पुढे शेवाळ धरतंच, कडक ब्रशने घासत राहायचं.

विटा किंवा पेव्हर ब्लॉक वाळूवर बसवले तर मधल्या फटींतून पाणी जातं, आणि एखादा खचला तर तेवढाच उचलून खाली वाळू घालता येते. नवशिक्याला हे काम जमतं. लाकडी फळ्या कुजतात. झाडाच्या सालीचा भुगा वर्ष-दोन वर्षांत कुजून माती होतो आणि त्या काळ्या माश्यांना आयतं घर मिळतं. जुना गालिचा अजिबात नको. तो पाणी धरून ठेवतो.

उकाड्याचंही बघा. कडक उन्हात जमिनीवर पाणी शिंपडलं की आतली हवा गार आणि दमट होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना दोन हजार किलोज्यूलहून जास्त उष्णता ओढली जाते. ओल्या खडीवर हे उत्तम चालतं, प्लॅस्टिकच्या टाइल्सवर पाणी नुसतं वाहून जातं. दगड आणि काँक्रीट दिवसाची थोडी ऊब रात्रीसाठी धरून ठेवतात, पण त्या भरवशावर थंडीत नाजूक झाडं ठेवायचं धाडस मी करत नाही. मॅट काळं असेल आणि वर खडी नसेल तर भर दुपारी ते चांगलंच तापतं. त्यावर ठेवलेल्या छोट्या कुंड्यांची मुळं भाजतात.

सध्या माझ्याकडे मधोमध दोन फूट रुंदीची पेव्हरची वाट आहे आणि दोन्ही अंगांना खडी. ढकलगाडी नेणारे असाल तर वाट तीन फुटांची करा. मांडणीचे पाय थेट खडीवर ठेवू नका. भरलेल्या कुंड्यांच्या वजनाने ते एकेक करून रुततात आणि मांडणी तिरकी होते. प्रत्येक पायाखाली मी फरशीचा वीतभर तुकडा घातलाय. त्या पहिल्या टाइल्सपैकीच आहेत, गुळगुळीत बाजू खाली करून.