कॅम्परव्हॅनने एकट्याने फिरताना वाटेतल्या नातलगांकडे उतरायचे असेल तर

कॅम्परव्हॅन, म्हणजे आत पलंग, शेगडी आणि शौचालय असलेली गाडी, घेऊन एकट्याने भटकणे आणि नातलगांच्या गाठीभेटी घेत फिरणे हे खरे तर दोन वेगळे प्रवास आहेत. पहिल्यात मुक्काम कुठे आणि किती दिवस करायचा हे आपल्या मर्जीवर असते. दुसऱ्यात पुढच्या टोकाला कोणीतरी वाट पाहत बसलेले असते. हे दोन्ही एकाच सहलीत बसवायचे ठरवले, की निम्म्या अडचणी गाडीमुळे नव्हे, तर आपण फोनवर देऊन बसलेल्या शब्दामुळे उभ्या राहतात. ‘संध्याकाळी सातपर्यंत पोचते’ असे एकदा मावशीला सांगून झाले, की डोळे मिटत असतानाही माणूस गाडी रेटत राहतो, आणि ‘आता थांब जरा’ म्हणणारे शेजारच्या सीटवर कोणी नसते. त्यामुळे आखणीतली पहिली गोष्ट म्हणजे तास सांगू नये, दिवस सांगावा, आणि तोही शक्यतो ‘बुधवारी सकाळी’ अशा सैल शब्दांत सांगावा.

एखादा समारंभ किंवा कोणाचा वाढदिवस अशी हलवता न येणारी तारीख संपूर्ण प्रवासात एक असावी, फार तर दोन. बाकीच्यांना ‘त्या आठवड्यात येईन, दोन दिवस आधी कळवीन’ एवढेच सांगावे. बहुतेकांना ते चालते, आणि ज्यांना चालत नाही त्यांचे घर त्या एका ठरलेल्या तारखेच्या जवळ बसवून पाहावे. नकाशाचे अ‍ॅप जो वेळ दाखवते तो साधारणपणे मोटारीचा असतो. उंच, जड गाडी चढावर मंदावते आणि वाऱ्यात सावकाश चालवावी लागते, म्हणून मी त्या वेळेत चौथा हिस्सा मिळवूनच हिशोब करते. दिवसाला प्रत्यक्ष चार तास गाडी चालवणे एकट्या माणसाला पुरे होते. दर दोन तासांनी किमान पंधरा मिनिटे खाली उतरावे. पेंग येऊ लागली तर काच खाली करण्याचा किंवा गाणी मोठ्याने लावण्याचा म्हणावा तसा उपयोग होत नाही; सुरक्षित जागी थांबून पंधरा-वीस मिनिटे झोप काढल्याने होतो. पहाटे 2 ते 6 आणि भर दुपार या वेळांत शरीर मुळातच सुस्तावलेले असते. आपला पलंग आपल्या पाठीमागेच आहे याचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे, आणि घाईतला माणूस नेमका तोच घ्यायचा विसरतो.

अलीकडचा मुक्काम

नातलगांकडे पोचायच्या आदल्या रात्री त्यांच्या घरापासून वीस-तीस किलोमीटर अलीकडे मुक्काम करावा. या लेखातली एकच सूचना पाळायची झाली तर ही पाळावी. वरवर पाहता हे विचित्र वाटते: अर्ध्या तासावर घर असताना रात्र बाहेर का काढायची? पण लांबच्या पल्ल्यानंतर अंधारात अनोळखी फाटकातून गाडी आत घेणे, मग दमलेल्या चेहऱ्याने दोन तास गप्पा मारणे, आणि मध्येच शौचालयाची टाकी भरल्याचे लक्षात येणे, हे सगळे या एका मुक्कामामुळे टळते.

त्या मुक्कामावर करायची कामे ठरलेली आहेत. शौचालयाची टाकी आणि सांडपाण्याची टाकी यांसाठी नेमून दिलेल्या जागीच रिकामी करावी. सुटी काढता येणारी शौचालयाची टाकी साधारण पंधरा ते वीस लिटरची असते, म्हणजे एकट्या माणसाला ती तीन-चार दिवस पुरते, आणि दोन रात्रींच्या पाहुणचारात तिची आठवणही येत नाही. नातलगांच्या घरी ती कधीही रिकामी करू नये. ‘आमच्याकडे ओत की’ असे ते आपुलकीने म्हणतील, परंतु घराला सेप्टिक टँक असेल तर टाकीतल्या रसायनांमुळे, विशेषतः फॉर्माल्डिहाइड असलेल्या द्रवामुळे, तिथल्या जिवाणूंचे काम बिघडू शकते. सांडपाणीही अंगणातल्या पावसाळी गटारात सोडू नये. पिण्याचे पाणी मात्र त्यांच्याकडेच भरावे. त्यात कोणाचीच अडचण होत नाही, शिवाय भरलेल्या टाकीचे वजन उगाच वाटभर वाहावे लागत नाही. अंघोळ करावी, मळके कपडे एका पिशवीत घालावेत, आत झाडून घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराच्या सुमारास, उजेडात, ताजेतवाने होऊन दारात उभे राहावे.

फाटकातून आत

‘गाडी लावायला जागा आहे ना?’ असा प्रश्न विचारून उपयोग नसतो, कारण त्याचे उत्तर प्रत्येक घरातून ‘हो, भरपूर आहे’ असेच येते. त्याऐवजी रस्त्यावर उभे राहून काढलेला फाटकाचा फोटो मागवावा. फाटकाची रुंदी टेपने मोजून घ्यायला सांगावी, वर तार किंवा झाडाची फांदी कितीवर आहे हे विचारावे, उतार आणि पावसानंतर जमिनीची होणारी अवस्था यांची चौकशी करावी. स्वतःच्या गाडीची उंची, लांबी आणि आरशांसकट रुंदी एका कागदावर लिहून समोर डॅशबोर्डवर चिकटवून ठेवावी. उंची मोजताना छतावरचे सोलर पॅनल आणि वरच्या झडपेचे झाकण धरायला विसरू नये.

साडेतीन टनांच्या गाडीच्या एकेका चाकावर सरासरी 875 किलो भार येतो. अंगणातल्या टाकीच्या झाकणावर, गटाराच्या चेंबरवर किंवा सैल फरशीवर ते चाक जाऊ देऊ नये, आणि असे झाकण कुठे आहे हे घरच्यांना आधीच विचारून ठेवावे, कारण कुंड्यांखाली ते दडलेले असते. लांब गाडी वळवताना मागचा भाग वळणाच्या विरुद्ध बाजूला बाहेर फेकला जातो, हे आणखी एक; पुढचे टोक सुखरूप निघाले म्हणून निर्धास्त होऊ नये.

माझ्या मामांकडे पहिल्यांदा गाडी रिव्हर्स घेतली तेव्हा ते मागे उभे राहून ‘येऊ दे, येऊ दे’ असे मोठ्याने सांगत होते. हात कानाच्या वर, आवाजात कमालीचा उत्साह. मी निम्मे अंतर मागे घेतल्यावर माझ्या लक्षात आले की दोन्ही आरशांत मामा दिसत नाहीत. ते गाडीच्या बरोबर मागे, मधोमध उभे होते, आणि त्यांच्या मागे भिंत होती. तेव्हापासून मी गाडीतून उतरते, जागा पायी चालून पाहते, मदत करणाऱ्याला चालकाच्या बाजूच्या कोपऱ्यात उभे करते आणि स्पष्ट सांगते, ‘तुम्ही मला आरशात दिसेनासे झालात की मी थांबणार.’ शिवाय ‘येऊ दे’पेक्षा ‘थांब’ हा शब्द आधी ठरवून घ्यावा आणि त्याच्यासोबत दोन्ही हात वर करायला सांगावे. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येतोच असे नाही.

गाडी लावताना तिचे तोंड बाहेरच्या दिशेला असावे. गाडी सपाट उभी राहील असे पाहावे, नसेल तर ठोकळ्यांवर चढवून सपाट करावी, कारण गॅसवर चालणारे शोषण पद्धतीचे फ्रिज तिरक्या गाडीत नीट थंड होत नाहीत. ज्यांच्या गाडीत घरच्यासारखा कॉम्प्रेसरचा फ्रिज आहे त्यांना थोडा तिरकेपणा झोपेपुरताच जाचतो.

वीज घेताना

यजमानांच्या घरातून वायर ओढून गाडीला वीज घेता येते, पण घरातल्या साध्या सॉकेटवर किती भार टाकायचा याचे भान ठेवावे. 230 व्होल्ट आणि 10 अँपिअर म्हणजे 2300 वॅट. गाडीतला 2000 वॅटचा हीटर आणि पाणी तापवायची किटली एकदम लावली की तो आकडा ओलांडला गेलाच. जास्त भार आल्यावर वीज तोडणारे एमसीबीचे बटण पडून घरातले दिवे गेले तर नातलग हसण्यावारी नेतील, परंतु जुन्या वायरिंगमध्ये वायर तापणे हा हसण्याचा विषय नाही. त्यामुळे घरच्या विजेवर फक्त बॅटरी चार्ज करावी. 12 व्होल्टच्या बॅटरीला 20 अँपिअरने चार्ज करणारा चार्जर भिंतीतून तीनशे वॅटच्या आसपासच वीज ओढतो. सॉकेटला अर्थिंग असले पाहिजे, आणि 30 मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारे संरक्षण वाटेत कुठेतरी असले पाहिजे. रिळावर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडूनच वापरावी. वेटोळ्यात राहिलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही. आत्याकडे एका रात्री रिळाला हात लावला तेव्हा ते तापलेल्या तव्याच्या कडेसारखे लागले होते.

झोपायचे कुठे

आपला पलंग अंगणात उभा असताना घरातल्या खोलीत झोपायचे की नाही, हा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. चादरी धुऊन, खोली आवरून ठेवलेली असते, आणि आपण रात्री दहाला ‘मी गाडीतच झोपते’ म्हणून उठतो तेव्हा समोरच्याला ते परकेपण वाटते. म्हणून हे पोचायच्या आधीच, फोनवर, कारणासकट सांगून टाकावे: ‘मला त्याच गादीवर झोप लागते, मी पहाटे उठते, तुमची झोपमोड होईल, पण सकाळपासून रात्रीपर्यंत मी तुमच्यातच आहे.’ आणि मग तसे राहावे. दुपारी गाडीत जाऊन दार लावून बसणाऱ्या पाहुण्याबद्दल घरात काय बोलले जाते ते सांगायला नको. एकदा ठरवले की रोज बदलू नये. आज आत, उद्या बाहेर असे केले की यजमानांची तयारी दुप्पट होते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना गाडी आतून दाखवावी, बसायला द्यावे, पलंग कसा उघडतो ते त्यांच्याच हातून करवून घ्यावे. ‘ही एकटी त्या डब्यात कशी राहते’ ही त्यांची काळजी कुठल्याही समजावणीपेक्षा त्या दहा मिनिटांत जास्त कमी होते. एका घरी दोन रात्री, आणि दोन घरांच्या मध्ये किमान एक रात्र पूर्णपणे स्वतःची, हे प्रमाण मला मानवले आहे. ती मधली रात्र गाळली की तिसऱ्या घरी पोचेपर्यंत आपण त्याच त्या बातम्या पाठ केल्यासारख्या सांगू लागतो.

गाडीत चढणारे सामान

रिकामी दिसणारी गाडी पाहिली की प्रत्येक घराला काहीतरी पुढच्या घरी पाठवायचे आठवते. काकूंची जुनी शिवणयंत्रे, पुस्तकांचे खोके, कोणाच्या तरी लहानपणीची घडीची खुर्ची. नाही म्हणणे जड जाते, पण गाडीला परवानगी असलेले एकूण वजन ठरलेले असते आणि त्यात पाणी, इंधन, गॅस आणि आपण स्वतः मोजले जातो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. निघण्यापूर्वी भरलेली गाडी वजनकाट्यावर घालून किती किलो शिल्लक आहेत ते माहीत करून घ्यावे. मग नकार आपल्याला द्यावा लागत नाही, आकडा देतो. घेतलेले जड सामान खाली, चाकांच्या मधल्या भागात बांधावे, आणि टायरांमधली हवा थंड असताना पुन्हा तपासावी.

एकटे असताना

सगळ्या नातलगांना रोजचा ठावठिकाणा कळवायला गेले तर दिवस फोनवरच जातो. एकाच व्यक्तीला लोकेशन द्यावे, रात्री निरोप द्यायची एक वेळ ठरवावी, आणि त्या वेळेला निरोप आला नाही तर किती तासांनी कोणाला फोन करायचा हेही तिच्याशी आधी बोलून ठेवावे. वाटेतल्या मुक्कामी रात्री बाहेर काही मांडून ठेवू नये, चालकाची सीट रिकामी ठेवावी, किल्ली रोज एकाच जागी अडकवावी. जागा आवडली नाही तर दार न उघडता निघता आले पाहिजे. थंडीत ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून झोपणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, म्हणून त्याचा अलार्म गाडीत असलाच पाहिजे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे त्याचा अलार्म जमिनीलगत लावतात, आणि तळाशी असलेली हवेची भोके थंडी येते म्हणून बुजवायची नसतात.

निघताना

गाडीभोवतीची शेवटची फेरी निरोप घेण्याआधी मारावी, नंतर नव्हे. वायर काढली का, पायरी आत घेतली का, छताची झडप लावली का, गॅस बंद केला का, चाकाखालचे ठोकळे उचलले का, हे सगळे घरातले अजून आवरत असतानाच पाहून घ्यावे. फाटकाशी सगळे जमले, कोणी खिडकीतून पिशवी आत दिली, कोणाला शेवटचे काहीतरी सांगायचे राहिले, की यादी डोक्यातून जाते. अशाच एका निरोपानंतर मी छताची झडप उघडी ठेवून निघाले होते, आणि महामार्गावर वेग घेताच डोक्यावर फडफड सुरू झाल्यावर ते कळले. आता ती यादी किल्लीलाच बांधलेली असते. ती पूर्ण केल्याशिवाय मी मिठ्या मारायला घरात परत जात नाही.